पिराजी सोंगाड्याचा हात

पिराजीनं गणपतरावाचा जबडा मोडला तेव्हा पिराजीच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, नाकात नथ होती आणि समोर पाच-सहाशे माणसं पोट धरून हसत होती. मी चार हातांवर पेटी घेऊन बसलो होतो. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेलं उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा. लोकांनी तो ऐकला नाही, ते हसतच होते. त्यांना वाटलं, हे सोंगातलंच आहे.

मला मंडळात सगळे आण्णा म्हणतात. बिद्रीच्या कारखान्यात टाइमकीपर होतो, आता रिटायर झालोय. सोंगी भजनात पेटी वाजवायला लागून तीस वर्षं झाली. सोंगी भजन बघितलं नसेल तर सांगतो. आधी दोन-चार अभंग होतात, मग सोंगं येतात. नवरा, बायको, तलाठी, सासू. बायकांची कामं पुरुषच करतात. लिहिलेलं काही नसतं. मांडवामागं पाच मिनिटांत ठरतं, तू नवरा, मी बायको, भांडण रेशन कार्डावरनं. पुढचं सगळं ऐनवेळी. एकानं बोल टाकायचा, दुसऱ्यानं तो झेलायचा आणि वाढवून परत द्यायचा. झेलला नाही तर दोघंही तोंडघशी पडतात.

पिराजीचं मुदाळतिट्ट्याला पंक्चरचं दुकान. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचे टायर एकटा उतरवायचा. मनगटं माझ्या पोटरीएवढी. असला गडी लुगडं नेसून लाजत आला की बघणाऱ्याला आधीच हसू फुटायचं. गणपतरावानं त्याला म्हणूनच घेतला होता. गणपतराव म्हणजे आमचा मुख्य सोंगाड्या, पंचावन्नच्या पुढचा. पोस्टरवर त्याचं नाव मंडळाच्या नावापेक्षा मोठं असायचं.

पिराजी डोक्यानं हुशार. त्याला उभ्या उभ्या सुचायचं. पण तो बोल टाकायचा आणि गणपतराव तो पायाखाली घालायचा.

पिराजी म्हणायचा, "अवं, दारात पोस्टमन आलाय, तुमच्या नावाचं पत्र हाय."

यातनं पुढं पत्राची गंमत निघाली असती. गणपतराव म्हणायचा, "कुठला पोस्टमन? कुत्रं बसलंय तिथं. हिला दिसतंय कमी आन् बोलतीय जास्त!" आणि पायातलं पायताण काढून पाठीत हाणायचा.

खरं तर मारायला आमच्याकडं चिरलेला बांबू असायचा. अंगाला लागत नाही, आवाज तेवढा फटाफट येतो. गणपतरावाला तो आवाज खोटा वाटायचा. त्याच्या पायात कापशीचं पायताण, चामड्याचे तीन थर आणि टाचेला नाल. पहिला फटका, हशा. दुसरा फटका, मोठा हशा. पिराजी कळवळला की टाळ्या. मांडवामागं लुगडं फेडलं की त्याच्या पाठीवर टाचेचे ठसे उमटलेले असायचे, काळेनिळे, अर्धचंद्रासारखे.

मी एकदा म्हटलं, "गणपतराव, जरा हळू."

तो म्हणाला, "आण्णा, तू पेटी वाजीव."

मी पेटी वाजवली. पाच वर्षं वाजवली. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण पिराजीची गोष्ट सांगायची तर हे गाळून चालणार नाही.

पिराजी घरी सांगायचा, टायर फुटला, रिम लागली. घरी त्याची आई, झुंबरबाई. त्याचा बाप ट्रकवर होता. घरी आला की दाराला आतनं कडी घालायचा आणि सायकलच्या चेननं झुंबरबाईला मारायचा. पिराजी नऊ वर्षांचा असताना एकदा मधे पडला, तर बापानं त्याला उचलून चुलीवर फेकला. त्याच्या डाव्या दंडावर अजून भाजल्याचा डाग आहे. बाप पुढं घाटात ट्रकसकट गेला. हे सगळं पिराजीनं एकदा प्रवासात जीपमध्ये सांगितलं. जीपमध्ये मी होतो, आणि गणपतरावही होता.

नवरात्रात कागलच्या बाजूला एका गावात कार्यक्रम होता. लोक थंड बसले होते. गणपतरावानं पायताण काढलं, चार हाणले, तरी हशा येईना. पाचवा त्यानं पिराजीच्या कानावर हाणला. पिराजी गुडघ्यावर आला. नथ उडून माझ्या पेटीवर पडली. आणि गणपतराव माईकमध्ये म्हणाला, "आईच्या वळणावर गेलीय! हिच्या आयनं जल्मभर सायकलची चेन खाल्ली, तरी सुदारली न्हाय. ही काय पायतानानं सुदारतीय?"

लोक हसले. तेव्हा पहिल्यांदा हसले.

पिराजी उठला. त्यानं पदर नीट केला, हे मला आठवतं. मग उजवी मूठ खालनं वर आली. एकच. गणपतराव मागं पखवाजावर पडला. तोंडातनं रक्त आणि दोन दात एकदमच बाहेर आले. लोक शिट्ट्या वाजवत होते. पिराजी त्याच्या छातीवर बसला आणि आणखी मारायला लागला. हशा हळूहळू थांबला. आम्ही चौघांनी ओढलं तेव्हा कुठं तो सुटला. हिरवं लुगडं छातीपर्यंत लाल झालं होतं.

गणपतरावाचा जबडा तारेनं बांधला. त्यानं तक्रार दिली नाही. लुगड्यातल्या माणसानं मला मारलं, हे त्याला ठाण्यात सांगायचं नव्हतं. मंडळ तिथंच मोडलं.

दोन वर्षांनी पिराजी माझ्या दारात आला. "आण्णा, मी सोताचं मंडळ काढतोय. तुमी पेटीवर या. आपल्यात कुणी कुणाचा बोल पाडायचा न्हाय, कुणी कुणाला मारायचं न्हाय."

मी गेलो. जोडीदार म्हणून त्यानं प्रसेनजीतला आणला. अठ्ठावीस वर्षांचा, डी.एड. झालेला, गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा. बौद्ध वस्तीतला पोरगा भजनात कशाला, म्हणून गावात चार दिवस कुजबूज झाली. पिराजीनं कुजबुजणाऱ्यांना सांगितलं, "तुमच्यात कोण हाय त्याच्यासारखं बोलणारा? हाय तर आणा." कुणी आणला नाही.

प्रसेनजीत बायकोचं काम करायचा आणि पिराजी नवऱ्याचं. मी एवढी वर्षं सोंगाडे बघितले, पण जोडीदाराला असा सांभाळणारा बघितला नाही. पिराजी कसलाही वेडावाकडा बोल टाकू दे, प्रसेनजीत तो जमिनीला लागू द्यायचा नाही. एकदा पिराजी चुकून बायकोला "काकू" म्हणाला. प्रसेनजीत तिथल्या तिथं म्हणाला, "बघा की वो! लग्नाला सा म्हैनं झालं, अजून ह्येंची लाज जाईना. मला काकू म्हणत्यात आन् माझ्या आईला वैनी!" चूक पिराजीची, हशा पिराजीचा. लोक म्हणायचे, पिराजी नाद खुळा हाय. पिराजीलाही हळूहळू ते खरं वाटायला लागलं.

मग एका गावात लोक थंड बसले. पिराजीच्या हातात चिरलेला बांबू होता. त्यानं तो टाकला, मांडवाच्या कडेला पडलेलं कुणाचं तरी पायताण उचललं आणि प्रसेनजीतच्या पाठीत हाणलं. हशा आला. मी पेटीवरनं मान वर केली. पिराजीचा चेहरा मला ओळखीचा वाटला, पण तो त्याचा नव्हता.

त्यानंतर पायताण प्रत्येक कार्यक्रमात आलं. पायताणाच्या मागनं लाथ आली. प्रसेनजीत फटका खाल्ला की त्यातनंच विनोद काढायचा, म्हणून पिराजीला वाटायचं, ह्याला लागतच नाही. मी जाताना एकदा म्हटलं, "पिराजी, तू काय ठरवलंतंस?"

"आण्णा, लोकांस्नी तेच पायजे. त्यो बी काय बोलत न्हाय की."

तो बोलत नव्हता हे खरं. स्टेजवरनं उतरला की कमी बोलणारा माणूस होता तो.

मार्चमध्ये आमच्याच गावात कार्यक्रम ठेवला. झुंबरबाई त्याआधी कधी बघायला आली नव्हती. त्या संध्याकाळी बायकांच्या पुढच्या रांगेत येऊन बसली. सोंग रंगात आलं. पिराजीनं दोन पायताणं हाणली आणि तिसऱ्यांदा कुशीत लाथ घातली. जोराची बसली. प्रसेनजीतच्या तोंडातनं हवा गेली, तो दुमडून खाली बसला. त्याचे ओठ पांढरे झालेले मला दिसत होते. दोन क्षण तसेच गेले. मग त्यानं कुशीवर हात दाबला, मान वर केली आणि ओरडला, "अगं आई गं! अवं, कळा सुरू झाल्या की! गाडी काढा!"

अख्खा मांडव उसळला. पिराजीनं त्याला खांद्यावर टाकला, गाडी काढल्यासारखा स्टेजभर पळाला. प्रसेनजीत बरगडीवर लटकत होता आणि कळा देत होता. लोकांना वाटलं, काय करतंय लेकाचं! पुढचं अर्धा तासाचं सोंग त्यानं तसंच पुरं केलं.

मांडवामागं त्याला लुगडं फेडता येईना. हात वर जाईना. झुंबरबाई कधी मागं आली मला कळलं नाही. तिनं त्याच्या पाठीमागनं गाठ सोडली, झंपर काढला. उजव्या कुशीत वांग्याएवढी सूज होती. तिनं तिथं बोट लावलं तसा प्रसेनजीत किंचाळला.

झुंबरबाई पिराजीकडं वळली. आवाज चढवला नाही.

"तुझा बाप मला दार लावून मारायचा," ती म्हणाली. "तू मांडव घालून मारतोस. त्याच्या येळंला निदान कोण हसत न्हवतं."

पिराजीच्या ओठावर अजून सोंगातली मिशी होती. झुंबरबाईनं लुगड्याची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि निघून गेली. घडी देताना तिनं माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पिराजीनं दुकान उघडलं नाही. मला घेऊन प्रसेनजीतच्या घरी गेला. दारात त्याची बायको शिवानी उभी होती, हातात एक्स-रे. दोन बरगड्यांना चीर गेली होती. तिनं ती फिल्म उजेडात धरली.

"बघा," ती म्हणाली. "ह्ये तुमचं विनोदी काम. आत यायचं न्हाय."

पिराजी अंगणात खाली बसला. उन्हात. तासाभरानं प्रसेनजीत पोटाला पट्टा बांधून बाहेर आला. पिराजीनं पायातली चप्पल काढून त्याच्यापुढं ठेवली.

"मार मला. पायजे तितकं मार."

"मारून मला काय मिळंल?" प्रसेनजीत म्हणाला. "माझी बरगडी बरी हुणार हाय का? मला जोडीदार पायजे, पिराजीदादा. तुमचा बोल पडला की माझा जीव खाली-वर हुतो. माझा पडला की तुमाला काय हुतंय? मार खाल्ल्याचं मी इनोदात काढतो, कारण त्याबिगार सोंग मोडतंय. तुमी म्हणता, ह्याला लागत न्हाय."

पिराजीनं मान खाली घातली.

"हात लावायचा आसंल तर आदी माझ्या डोळ्यात बघायचं. माझी मान हालली तरच. न्हायतर न्हाय."

शिवानी दारातनं म्हणाली, "आन् परत असा फोटो काढायला लागला, तर मी स्टेजवर येईन. ते सोंग नसंल."

दोन महिने आम्ही कार्यक्रम घेतला नाही. देवळामागच्या खोलीत नुसता सराव. पिराजीला वाटलं होतं, ठरवलं की झालं. तसं नव्हतं. बोल अडला की त्याचा हात आपोआप वर जायचा. त्यालाच कळायचं नाही. हात हवेत असायचा आणि तो त्या हाताकडं बघत राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. एकदा त्यानं रागानं तोच हात भिंतीवर आपटला, बोटांची सालं गेली. मग त्यानं दुकानातनं जुन्या ट्यूबची पट्टी कापून आणली आणि उजवं मनगट कमरेला बांधून घेतलं. तसाच सराव केला. हात बांधला की डोकं चालवावं लागतं. प्रसेनजीत काय बोलतो ते ऐकावं लागतं. पाच वर्षं ज्याचे बोल पाडले गेले, त्याला आता दुसऱ्याचे झेलायला शिकावे लागले.

पहिल्या कार्यक्रमात पट्टी सोडायची त्याला भीती वाटली. तसाच स्टेजवर आला. लोक विचारायला लागले, "हाताला काय झालं?" प्रसेनजीतनं पदर खोचला, "न्हाई वो, कुत्र्याला साखळी घालत्यात, मी हाताला घातली! चावतंय ते." पिराजी म्हणाला, "खरं हाय. रोज सकाळी ही सोडतीया, फिरवून आणतीया, परत बांधतीया." त्या दिवशी बायकांची बाजू हसली. इतक्या वर्षांत ती बाजू तोंडावर पदर घेऊन बसलेलीच मी बघितली होती. तेव्हापासून हात बांधलेला नवरा हेच आमचं सोंग झालं.

आता पुढचं. गावाचं नाव मी सांगत नाही, कोर्टात केस चालू आहे.

जत्रेचा दिवस, दुपारचे तीन. स्टेजवरच एक मोठं डिजिटल, म्हणजे फ्लेक्स, लागलेलं, यशराज नावाच्या तिथल्या तरुण पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं. बोट पुढं करून उभा. प्रसेनजीतनं वर बघितलं आणि म्हणाला, "ह्यो कोण वो? सगळ्या गावात पोस्टरवर बोट दाखवीत उभा हाय. वाट चुकलाय काय?"

पिराजीनं झेललं, "न्हाय गं. संडास कुठं हाय त्ये दावतोय."

गाव हसलं. गावाला फार दिवसांपासून त्याच्यावर हसायचं असावं. पण समोरनं पाच-सहा पोरं स्टेजवर चढली. एकानं माईक हिसकावला, प्रसेनजीतचा केसांचा टोप ओढून फेकला.

"नाव काय रं तुझं? आडनाव सांग."

प्रसेनजीतनं सांगितलं. त्या पोरानं त्याची जात काढली, आईवरनं शिवी दिली आणि थोबाडीत मारली. पाठीमागच्या लोकांना वाटलं, सोंगच चाललंय. ते हसत होते.

पिराजी मधे आला. आधी सोंगातच बोलला, "अवं पावणं, बायकू माझी हाय, बोल माझा हाय, भांडान माझ्यासंगं." लोक आणखी हसले, दोन पोरंही हसली. वाटलं, निभावलं. तेवढ्यात एकानं मागनं मांडवाचा लोखंडी पाइप घेतला आणि प्रसेनजीतच्या गुडघ्यावर घातला. तो खाली कोसळला. दुसरा घाव डोक्यावर येणार होता.

पिराजीच्या कमरेची पट्टी तटकन तुटली. मला वाटलं, आता एकाचा तरी मुडदा पडतोय. त्या हातानं काय होतं ते मी बघितलं होतं. पण पिराजीनं मूठ वळली नाही. तो प्रसेनजीतवर आडवा पडला आणि तो हात त्याच्या डोक्यावर ठेवला. पाइप हातावर बसला. परत बसला. परत. पाठीत लाथा, काठ्या, खुर्ची. पिराजी हलला नाही. खालनं प्रसेनजीत ओरडत होता, "दादा सरका, दादा मराल!"

मी उठलो. एवढंच सांगू शकतो, की उठलो. पहिल्याच धक्क्यात स्टेजखाली पडलो, चष्मा फुटला. पण माझ्यामागनं पखवाजवाला उडी मारून गेला, मग टाळकरी, आणि मग खालनं बायका ओरडायला लागल्या तेव्हा गावातले लोक वर चढले. पोरं पळाली.

कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात पिराजीच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट काढायला लागलं. मधलं बोट वाकत नाही. प्रसेनजीतची गुडघ्याची वाटी फुटली होती. मी पिराजीला विचारलं, "हात मोकळा झालता. मारलं का न्हाईस?"

"आण्णा, मी एकाला मारलं असतं," तो म्हणाला. "तवर बाकीच्यांनी प्रसेनजीतला उरकला असता."

प्रसेनजीतनं केस केली. पिराजीकडं लोक यायला लागले. चांगली माणसं, सोयरेधायरे. पोरं लहान हायत, आयुष्य हाय, मारामारी झाली म्हण, पण जातीवरनं बोलल्याचं मी ऐकलं न्हाय, एवढंच सांग. पिराजी प्रत्येकाला चहा द्यायचा आणि म्हणायचा, "मी दोन हातांवर हुतो. ऐकलं." एका सकाळी दुकानातले सगळे टायर कोयत्यानं चिरलेले सापडले. गिऱ्हाइकांचेसुद्धा. त्यानं ते भरून दिले. आता टायर उतरवायला त्यानं मशीन घेतलंय, हातानं जमत नाही. कोर्टातही त्यानं तेच सांगितलं. उलटतपासणीत वकिलानं विचारलं, तुम्ही स्वतः एकाचा जबडा फोडला होता हे खरं का? पिराजी म्हणाला, "खरं हाय." निकाल अजून यायचा आहे.

शिवानीचा विरोध होता, तरी वर्षभरानं आम्ही परत उभे राहिलो. प्रसेनजीत लंगडतो, म्हणून बायकोचं काम आता लंगडणाऱ्या बायकोचं झालंय.

गेल्या थंडीत कुरुंदवाडला कार्यक्रम होता. सोंग निम्म्यावर आलं होतं. पिराजीचा बोल यायचा होता आणि तो आला नाही. मी बघितलं, तो समोर बघत ताठ उभा होता, कपाळाला घाम. गर्दीत लाल टी-शर्टातला एक जाडजूड पोरगा उठून स्टेजच्या दिशेनं येत होता. पिराजीचा श्वास माईकमध्ये ऐकू येत होता. लोक थांबले. मीही पेटीवरनं हात उचलला होता.

प्रसेनजीतनं पोरगा बघितला, पिराजी बघितला. लंगडत पिराजीजवळ गेला, त्याचा तीन बोटांचा हात आपल्या हातात घेतला आणि लोकांकडं वळला.

"माझा नवरा घाबारलाय," तो म्हणाला. "मी त्येला सांगितलंतं, माझा भाऊ येणार हाय. अवं दादा, या की! जेवलासा काय?"

लाल टी-शर्टातला पोरगा गोंधळून थांबला. "न्हाय वो," तो म्हणाला, "मी मुतायला चाललोय. वाट हिकडनंच हाय."

मांडव पडायचा बाकी राहिला. पिराजीही हसला. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि त्या पोराला म्हणाला, "जावा मेव्हणं, जावा. सावकाश या. तवर आमी थांबतो."